हार्डटॉप उतरवणे (घरगुती हॉइस्टने)

मोटारीचे काढता येणारे कडक छप्पर घरच्या गॅरेजमध्ये कप्प्या, दोर किंवा विंच वापरून वर उचलणे व गाडी खालून बाहेर काढणे. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतील जीप रँग्लरच्या मालकांनी रूढ केली. तिथे हिवाळ्यात छप्पर हवे असते, उन्हाळ्यात नको असते आणि काढलेले छप्पर ठेवायला जागा नसते. छताखाली टांगले की उचलणे आणि साठवणे ही दोन्ही कामे एकदमच होतात.

चार दारांच्या रँग्लरचे छप्पर पुढची दोन सुटी पॅनेल काढल्यावरही साधारण 60 किलो भरते. दोघांना ते उचलता येते, पण पकड नीट मिळत नाही. शिवाय मागच्या काचेमुळे भार मागे झुकतो. म्हणून लाकडी पट्ट्यांची चौकट आतून घालून तिला चार कोपऱ्यांतून पट्टे बांधतात. चौकट छपराला टेकते तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा किंवा फोम लावावा.

आधी पॅनेल उतरवायची, मग टॉर्क्स बोल्ट काढायचे; 2007 ते 2018 च्या जेके मॉडेलला टी-40 पाना लागतो. यानंतरची पायरी हमखास विसरली जाते. मागच्या काचेच्या वायपरची व डिफॉगरची वायर आणि पाणी फवारणारी नळी सोडवावी लागते. ती राहिली तर छप्पर वर जाताना कनेक्टर तुटतो. म्हणून पहिल्यांदा दोन बोटे उचलून थांबावे व चारही कोपरे फिरून पाहावेत. गाडी गॅरेजमध्ये उलटी घातलेली असेल तर काम सोपे होते. गाडी पुढे निघताना आतला रोल बार छपराच्या उघड्या पुढच्या बाजूने सुटतो आणि उंची कमी लागते. बुटक्या गॅरेजमध्ये याला फार महत्त्व आहे.

खरा धोका छताच्या जोडणीत असतो. एकाच स्थिर कप्पीवरून दोर खाली ओढला तर 60 किलोसाठी 60 किलोचाच जोर लावावा लागतो आणि छतावर मात्र 120 किलोचा भार येतो. एक चल कप्पी घातली की जोर 30 किलोवर येतो, छतावरचा भार 90 किलोवर उतरतो, मात्र दोर दुप्पट ओढावा लागतो. घर्षण व झटके यांचा हिशेब वेगळा. अमेरिकन गॅरेजच्या छतातील लाकडी तुळया बहुधा फक्त जिप्समचे फळे पेलण्यापुरत्या असतात; त्यामुळे भार आडव्या फळीने अनेक तुळयांवर वाटून द्यावा आणि हुक तुळईच्या मध्यरेषेतच बसवावा. नुसत्या फळ्यात मारलेला स्क्रू आज टिकला तरी त्याच्यावर विसंबू नये. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये योग्य क्षमतेचे अँकर लागतात.

विंच ब्रेकचे असावे, म्हणजे हँडल सोडल्यावरही भार जागीच राहतो. बोटीच्या ट्रेलरचे साधे विंच ओढण्यासाठी असते, डोक्यावर टांगण्यासाठी नव्हे. छप्पर वर पोचल्यावर स्वतंत्र साखळ्यांनी अडकवावे, दोरावर महिनोन् महिने ठेवू नये. टांगलेल्या छपराखाली कुणी, विशेषतः मुलांनी, रेंगाळू नये.

परत बसवताना रबरी सील पुसून घ्यावे, सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून अडकवावेत आणि मगच आवळावेत. एक बाजू आधी आवळली की दुसरीकडची भोके जुळत नाहीत आणि पावसात नेमके तिथूनच पाणी येते.