मिस्त्रीचे अठरा हात

पंप पाणी ओढीना की आपण मिस्त्रीला बोलावतो. गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात सग्रेदो नावाचे पात्र आहे, त्यानेही तेच केले. मिस्त्रीने टाक्यात डोकावून सांगितले की यंत्र ठाकठीक आहे, पाणीच फार खाली गेले आहे. पंप लहान असो वा मोठा, अठरा हातांपलीकडे ते केसभरही चढणार नाही. (तिकडचे अठरा हात म्हणजे सुमारे दहा मीटर.)

या मिस्त्रीचे नाव ग्रंथात नाही! त्याची मर्यादा अचूक होती. कारण मात्र खुद्द गॅलिलिओचेही चुकले. त्याला वाटले, लांब दोर स्वतःच्याच भाराने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो. १६४४ साली तोरिचेल्लीने उलगडा केला. आपण हवेच्या सागरतळी राहतो. पंप नळीतली हवा तेवढी काढतो. पाण्याला वर रेटते ती बाहेरची हवा, आणि तिचे बळ दहा मीटरांवर सरते.

म्हणून तर आपल्याकडे खोल विहिरीत पंप काठावर न ठेवता आत, पाण्याजवळ बसवतात. व्यवहारात सहा-सात मीटरांपुढे जाणता माणूस भरवसा धरीत नाही. अश्वशक्ती कामी येते ती पाणी पंपात आल्यावर, पुढे ढकलायला.