आयत्या वेळचे बोल

गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून चार मित्र घेऊन भूमला आला. संध्याकाळी माळवदावर सतरंजी टाकून पोरे एक खेळ मांडून बसली. त्यात एक जण कथेकरी. तो प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय बोलू, काय करू ते सांगतात. आणि साधले की फसले हे फाशावर ठरते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत हा प्रकार रूढ केला. अर्ध्या तासात भांडण जुंपले. कथेकऱ्याने पडका वाडा, अमावस्या, पैंजणांचा आवाज असा भयाचा थाट मांडला होता. आणि एका पोराने भुताकडे उधारीवर चहा मागितला. सगळे हसले, भय पळाले, कथेकरी रुसला. भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुम्हीच सांगा, चूक कुणाची?’’

मी तेव्हा उत्तर दिले नाही. पण प्रश्न नवा नव्हता. जिथे पात्रांचे बोलणे आधी लिहिलेले नसते, तिथे तो उभा राहतोच. आणि आपल्या मराठी रंगभूमीचा तर जन्मच या प्रश्नाच्या मांडीवर झाला आहे.

इ. स. १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली. तसे खेळ मराठीत व्हावेत, अशी सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांना इच्छा झाली आणि ते काम त्यांनी विष्णुदास भावे यांच्यावर सोपविले. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. भाव्यांनी रचली ती पदे. सूत्रधाराने पद गावे आणि त्यातला आशय धरून पात्राने आपल्या मनाने भाषण करावे, अशी त्या खेळांची रीत होती. रावणाच्या तोंडून काय निघेल ते नटाच्या हुशारीवर.

मग खेळाचा विचका का होत नसे? एक तर पुढचे पद सूत्रधाराच्या मुखी असल्यामुळे कथेची दोरी त्याच्या हाती राही. दुसरे म्हणजे मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. थट्टा विदूषकाने करावी, ‘अललडुर्र’ करून धुमाकूळ राक्षसांनी घालावा, सीतेने मात्र सीतेसारखेच बोलावे. आणि तिसरे, राम-सीतेची कथा समोर बसलेल्या आबालवृद्धांना ठाऊक होती. काय होणार हे माहीत असल्यामुळे, कसे होते ते पाहायला माणसे येत.

पुढे शिकलेल्या लोकांना हे आयत्या वेळचे बोलणे ओबडधोबड वाटू लागले. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. अशा लिखित नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणत. इटलीतही तसेच झाले होते. तिथे सोळाव्या शतकापासून नट नुसता कथेचा आराखडा घेऊन उभे राहत; अठराव्या शतकात गोल्दोनी या नाटककाराने त्यांच्या हाती लिहिलेली भाषणे दिली. यात लाभ मोठा झाला, हे मी तरी नाकारणार नाही. मी स्वतः पुस्तके लिहितो. पण चहा मागणाऱ्या पोराचे काय करावे, या प्रश्नावर पुस्तकाचे उत्तर एवढेच, की त्याला बोलूच देऊ नये.

हे उत्तर ज्यांनी सर्वस्वी मानले नाही, ते आपले तमासगीर आणि कोकणातले दशावतारी. दशावतारात आजही कथा ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे बोलतात. तमाशात सावळजच्या उमा-बाबूंचा १८६५ सालचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, हा क्रम पक्का. पण वगातले गद्य बोलणे पुष्कळसे आयत्या वेळचे. पुढे १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. ते लिहिलेले लोकनाट्य. तरी दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवर मनचे बोलत, आणि तेच ऐकायला लोक पुनःपुन्हा जात.

लहानपणी एका जत्रेत मी एक वग पाहिला. दरबार भरला होता. राजाने विचारले, ‘‘हवालदार, उशीर का झाला?’’ सोंगाड्या म्हणाला, ‘‘म्हाराज, भूमची येष्टी फेल झाली.’’ लोक लोळायचे बाकी राहिले. राजा रागावला नाही, हसलाही नाही. राजासारखाच म्हणाला, ‘‘प्रधानजी, उद्यापासून यांना घोडा द्या. चारा यांच्या पगारातून.’’ दुसरा हशा उठला आणि त्या हशावर दरबार पुन्हा जागेवर आला. त्याच वगात शेवटी राजाचा मुलगा मेला. तेव्हा तो सोंगाड्या मुंडासे काढून गप्प बसून होता. त्याला कुणी दटावले नव्हते.

हे सारे मला ठाऊक होते, आणि तरीही मी चुकलो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी शिवकालावरचे नाटुकले बसविले. पहारेकरी झालेला सहावीतला मुलगा प्रयोगात एकाएकी म्हणाला, ‘‘सरकार, सकाळपास्नं भाकर न्हाई.’’ लोक हसले. मी विंगेतून ओरडलो, ‘‘लिहिलंय तेवढंच बोल!’’ ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेले. पोराने मान खाली घातली ती पडदा पडेपर्यंत. पुढच्या वर्षी त्याने नाव दिले नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. उपाशी पहारेकऱ्याचे ते वाक्य माझ्या सगळ्या नाटुकल्याहून खरे होते, हे मला फार उशिरा कळले. माझ्या सरदाराने ‘‘याला आधी भाकरी द्या रे,’’ एवढे म्हटले असते तरी शिवकाल बुडाला नसता.

त्या रात्री जेवताना मी भाच्याला हा वग सांगितला, आणि हा मुलगाही. मग म्हणालो, ‘‘बसण्याआधी सांगून ठेवत जा, आज भ्यायचे आहे की हसायचे. एवढे सांगूनही कुणी चहा मागितलाच, तर भुताने चहा आणावा.’’

‘‘आणि मग भीती?’’

‘‘कप खाली ठेवताना भुताचा हात दिसू दे.’’

पोरे क्षणभर गप्प झाली. जेवण आटोपताच ती पुन्हा माळवदावर गेली. बराच वेळ वरून काही आवाज आला नाही. मग एकदम पाचही जण किंचाळले.