मोहोळ रानातून परसात

धनजच्या एका ओळखीच्या गुरुजींनी मागच्या दिवाळीत मला सरळच विचारलं. घरात दोन लहान मुलं आहेत. घरामागे सांदवाडी, तिच्यात एक कडुनिंब आणि शेवग्याची दोन झाडं. तिथं मधमाश्यांची एक पेटी ठेवावी म्हणतो, ठेवू का? मी पडलो इतिहासाचा मास्तर. मधमाश्यांशी माझा परिचय म्हणजे लहानपणी खाल्लेले दोन डंख, एवढाच. पण उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आलं की त्यातला बराच भाग माझ्याच विषयात येतो. तेवढा आज आपल्यापुढं ठेवतो.

मध काढणं ही माणसाची फार जुनी विद्या आहे. सातपुड्यात पचमढीच्या परिसरातल्या खडकांवर मोहोळाला हात घालणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. आपल्या वऱ्हाडातही माझ्या लहानपणापर्यंत रीत तीच होती. अंधाऱ्या रात्री टेंभा पेटवून आग्यामोहोळाखाली धरायचा, माश्या जळून पडायच्या, आणि सगळं पोळं कापून घमेल्यात पिळायचं. त्या मधात अळ्यांचा रसही उतरत असे; तो फडक्यानं गाळला की झालं! हे काम धाडसी गड्यांचं. बायकामुलांनी दार लावून घरात बसायचं.

यात दोष केवळ माणसांचा नव्हता. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. ती पेटीत नांदत नाही. झुडपात राहणारी इवलीशी फुलोरीही पेटीत राहत नाही. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात शेजारीशेजारी अनेक पोळी लावते ती सातेरी. पाळायची तर आपल्या मुलखातली ही माशी. गुरुजींना पहिली गोष्ट हीच सांगितली की परसात बोलवायची ती सातेरी. चिंचेवरचं आग्यामोहोळ पाहून भ्यायलेल्या शेजाऱ्यांनाही हा फरक समजावून सांगा.

आता पेटीची हकीकत ऐका. ती मोठी घरगुती आहे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्स्वा ह्यूबर नावाचे एक गृहस्थ होते. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली. पुस्तकाच्या पानांसारखं उघडणारं एक मधाचं घर त्यांनी करविलं. त्यात डोकावून त्यांचा नोकर ब्युर्नां जे दिसे ते सांगे, आणि पत्नी मारी मदतीला असे. 1792 साली त्यांचं पुस्तक निघालं; 1814 च्या वाढीव आवृत्तीला मुलगा पिएर याचा हात लागला. आंधळ्या माणसानं माश्यांचा संसार जगाला दाखवला तो असा, घरच्यांच्या डोळ्यांनी.

पुढं 1851 साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाद्र्यानं एक साधी गोष्ट हेरली. दोन पोळ्यांमध्ये माशीला वावरण्यापुरती, सहा ते नऊ मिलिमीटरची फट ठेवली तर ती मेणानं बुजवत नाही. मग पोळ्याच्या चौकटी सुट्या झाल्या. माशी न मारता त्या वर उचलता येऊ लागल्या. राहिलं मध काढणं. 1865 साली ह्रुश्का या अधिकाऱ्यानं चौकटी गरगर फिरवून मध उडवणारं यंत्र दाखवलं. त्यांच्या मुलानं पोळ्याचा तुकडा घातलेलं भांडं खेळता खेळता गरागरा फिरवलं आणि मध बाहेर उडाला, त्यावरून बापाला ही युक्ती सुचली अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मला ती आवडते.

आपल्या देशात सातेरीच्या बेताची लहान पेटी 1910 च्या सुमारास तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी केली. तिचं नाव आजही न्यूटन पेटीच. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत, म्हणजे धनजहून अमरावती जिल्हा ओलांडला की पलीकडं. जे. सी. कुमारप्पा तिथला कारभार पाहत. तेलघाणी, हातकागद यांच्या जोडीला तिथं मधमाशीपालनही आलं. म्हणजे ही विद्या आपल्या दारापर्यंत नव्वद वर्षांपूर्वीच पोचली होती!

मग ती रुजली कुठं? महाबळेश्वरच्या डोंगरात. 1962 साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली, आणि 2022 साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. आपण मागं का राहिलो? आळस हे त्याचं उत्तर नव्हे. त्या डोंगरात जांभूळ, हिरडा, कारवी अशी रानाची भर आहे, हवा थंड आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जातो आणि शिवारात मैलोगणती एकच पीक. तूर, तीळ, करडी, संत्र्याचा बहार असला की चंगळ; मधल्या दिवसांत उपास. सातेरी उपाशी राहिली किंवा तापली की पेटी सोडून चालती होते. त्यात फवारणीची भर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं दगावली. तिथं माशीची काय कथा? माझ्या मते आज वऱ्हाडातला पेटीचा खरा प्रश्न हाच आहे. मुलांना डंख बसेल ही भीती त्यामानानं लहान.

लहान, पण खोटी नव्हे. पेटी अंगणाच्या कोपऱ्यात, सावलीत ठेवावी. तिचं दार मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेकडं नसावं. पेटी उघडताना धाकट्यानं घरात, थोरल्यानं जाळी घालून जवळ. डंख राहिला तर तो नखानं लगेच खरवडून काढावा. पण अंगभर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट रिवाजाविरुद्ध सांगावी लागते. तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची आपली जुनी चाल आहे. वर्षाच्या आतल्या मुलाला मध मुळीच देऊ नये, असं आता वैद्यकशास्त्र सांगतं. मधात कधी कधी असलेल्या एका जंतूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मध घरचा, शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही. गुरुजींच्या आईंना हे काही पटेना; नातवाला वर्ष पुरं झाल्यावर मात्र त्या स्वतःच्या हातानं चाटवणार आहेत.

गुरुजींनी पेटी अजून आणलेली नाही. आधी ते शेजारच्या शेतकऱ्यांकडं जाऊन आले. फवारणी सकाळी फुलांवर न करता संध्याकाळी करा, आणि आदल्या दिवशी कळवा, एवढंच मागणं. दोघांनी होकार दिला, तिसऱ्यानं ‘पाहू’ म्हटलं. थोरल्या मुलीनं एका वहीत महिन्यामहिन्याची पानं पाडून गावात कुठलं फूल केव्हा येतं ते लिहायला घेतलं आहे. फाल्गुन-चैत्राची पानं भरली. आषाढाचं पान अजून कोरं आहे; त्यासाठी सांदवाडीत काय लावायचं ते घरात ठरायचं आहे.