बंद घरात घंटा वाजली, तर ऐकणार कोण?

मंडळी, डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या गावात अमेरिकेतली पोरं दिसायला लागतात. घरचं लग्न, आईवडिलांची भेट, सगळं याच सुट्टीत. तिकडे मिनेसोटात नाहीतर शिकागोत घराला कुलूप. त्या घराची राखण भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे, म्हणजे हीटर कधी चालू नि कधी बंद ते ठरवणाऱ्या यंत्राकडे. या यंत्राचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला खटकली, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

साल १८८३. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथे शिक्षक घडवणारं कॉलेज होतं. तिथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन शिकवत असताना शिपाई सारखा वर्गात यायचा, थर्मामीटर बघायचा आणि तळघरात जाऊन गरम हवा कमी-जास्त करायचा. जॉन्सन वैतागले आणि त्यांनी विजेवरचं यंत्र बनवलं. वर्गाचं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजायची आणि शिपाई भट्टी बघायचा. म्हणजे या यंत्राने माणसाला काढून टाकलं नव्हतं. त्याला नुसती हाक मारली होती.

पुढे माणूस हळूहळू बाजूला झाला. १९५३ मध्ये हनीवेल कंपनीची गोल तबकडी आली. आत धातूची गुंडाळी आणि पाऱ्याचा स्विच. ना बॅटरी, ना इंटरनेट. २०११ मध्ये ‘नेस्ट’ आला, मालकाच्या सवयी शिकणारा. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं.

आणि जानेवारी २०१६ मध्ये, ऐन थंडीत, सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीने अनेक नेस्टच्या बॅटऱ्या उतरल्या. हीटर बंद! उपाय काय, तर यंत्र भिंतीवरून काढा, केबल लावून चार्ज करा, परत बसवा. जे घरात होते त्यांना थंडीने जाग आली. बंद घरात कोणाला जाग येणार?

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो. पण खरा घात नंतर होतो. बर्फ वितळला की पाणी वाहायला लागतं, आणि कोणी येईपर्यंत वाहतच राहतं. वर, घर गरम ठेवलं नसेल आणि पाणीही बंद केलं नसेल, तर तिथल्या बऱ्याच विमा पॉलिसी गोठलेल्या पाइपची भरपाई नाकारू शकतात.

मी यंत्राच्या विरोधात नाही. पण १८८३ च्या घंटेला ऐकणारा शिपाई होता, हे आपण विसरलो. मोबाइलवर ‘घर थंड पडलंय’ असा मेसेज आला, तरी आपल्या गावात बसून तो पोरगा करणार काय?

म्हणून ज्यांची मुलं तिकडून निघायची आहेत त्यांनी आजच फोन करा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करायला सांगा. हीटर १३ अंश सेल्सिअसच्या खाली नको. पॉलिसी एकदा वाचून घ्या. आणि शेवटी एवढंच विचारा: बाबा रे, घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे दिलीस का?