कॅमेरा मुंबईला गेला, डिस्क गावात राहिली

रत्नागिरीत लग्नाच्या शूटिंगचा धंदा उभा राहिला तो कॅसेटवर. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, रंगीत दूरदर्शन आलं आणि मागोमाग व्हीसीआर आले. दर घरात नव्हे, पण आळीत एखाद्याकडे असायचाच. माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा, रामआळीजवळ फोटो स्टुडिओ होता. त्यांनी खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा आणला आणि पुढे पॅनासोनिकचा एम-९००० घेतला. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, हॅलोजनचा दिवा दुसऱ्याच्या हातात, आणि त्या दिव्याच्या उष्णतेने घामाघूम झालेले नवरा-नवरी, असं ते शूटिंग. तीन तासांच्या कॅसेटमध्ये हळदीपासून गृहप्रवेशापर्यंत सगळं बसवायचं. मी या घरात आले १९९७ साली, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्याच्या आदल्या वर्षी. मिक्सिंगचं काम माझ्याकडे आलं आणि ते आजही माझ्याकडेच आहे.

कॅसेटचा एक मोठा गुण होता. ती जिथे थांबली तिथपर्यंतचं सगळं तिच्यात असायचं. वीज गेली, बॅटरी संपली, भटजींचा पाय वायरीत अडकून प्लग निघाला, तरी झालेलं चित्रण जागेवर राहायचं. रिवाइंड करून कुठल्याही व्हीसीआरमध्ये घाला, दिसणार. तिचा शत्रू एकच, बुरशी. इथला पाऊस चार महिने भिंतींतून पाझरत असतो. रिळाच्या कडेवर पांढरी साय धरली की ती कॅसेट व्हीसीआरचं हेडही खराब करायची. म्हणून अण्णांनी कॅसेट आणि लेन्स ठेवायच्या कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावला होता. जून ते सप्टेंबर तो रात्रंदिवस पेटता असायचा.

त्यामुळे आधी सीडी आणि मग डीव्हीडी आली तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं. रीळ नाही, गुंता नाही, बुरशीची भीती कमी. आम्ही जुन्या कॅसेट धडाधड डिस्कवर उतरवून द्यायला लागलो. त्याच सुमारास घरगुती कॅमेरेही डिस्कवर आले. हिताचीने असा पहिला कॅमेरा २००० साली काढला आणि सोनीचे डीव्हीडी हँडीकॅम २००३ पासून मिळू लागले. त्यांत आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क जायची. १.४ जीबीची ती डिस्क साधारण दर्जावर अर्धा तास चालायची.

हे कॅमेरे रत्नागिरीच्या दुकानांतून फारसे आले नाहीत. ते आले चाकरमान्यांच्या बॅगेतून. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून आले, मे महिन्यात लग्नांसाठी आले, आखातात नोकरीला असलेल्यांच्या सामानातून आले. आरत्या, गौरीचे ओवसे, अंगणात नाचणारी पालखी, नमनातला संकासूर, आजीने पहिल्यांदा नातवंडाला मांडीवर घेतलं तो क्षण, असं सगळं त्या छोट्या डिस्कवर उतरलं. शूटिंगवाल्याला बोलावून जे कुणी कधीच काढून घेतलं नसतं, नेमकं तेच. कोकणातल्या घरांचा त्या सात-आठ वर्षांचा खरा इतिहास मला तरी लग्नाच्या मिक्सिंग केलेल्या डीव्हीडीत सापडत नाही, या छोट्या डिस्कमध्ये सापडतो.

पण या डिस्कला शेवटी एक काम करावं लागायचं, फायनलाइज. डिस्कवर लेसर आतून बाहेर लिहीत जातो, आणि सुरुवातीची थोडी जागा मोकळी सोडलेली असते. चित्रण कुठून कुठपर्यंत आहे याची यादी आणि डिस्क संपल्याची खूण फायनलाइज करताना लिहिली जाते. तोवर ही माहिती अशा कच्च्या स्वरूपात असते की ती त्या कॅमेऱ्याला कळते, घरच्या प्लेअरला नाही. जमीन आहे, दरवर्षी भात पिकतंय, पण सातबाऱ्यावर नोंद नाही, तसं हे. गावातल्या माणसाला बांध कुठे आहे ते माहीत असतं, कचेरीला माहीत नसतं.

आणि हे काम राहूनच जायचं. डिस्क महाग, त्यात दहा मिनिटं शिल्लक, मग आत्ताच कशाला बंद करायची? गौरीविसर्जनाला वापरू. विसर्जन झालं की परतीच्या गाडीची घाई. डिस्क आईकडे ठेवली, कॅमेरा बॅगेत गेला. पुढच्या वर्षी कॅमेरा बिघडलेला, नाहीतर त्याच्या जागी नवा मोबाइल. डिस्क गावात राहिली आणि तिला ओळखणारं यंत्र बोरिवलीला नाहीतर कुवेतला. माझ्या मते दोष वापरणाऱ्यांचा नव्हता. निघायच्या धांदलीत असलेल्या माणसावर असं शेवटचं काम टाकायची रचनाच चुकीची होती.

आमच्या धंद्यातही असे घोटाळे झाले, त्याला कारण भारनियमन. दाभोळचा वीजप्रकल्प याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात. तो २००१ मध्ये बंद पडला होता, आणि पुढे राज्यभर विजेचा तुटवडा वाढत गेला. कॅसेट लावून रेकॉर्डरवर डीव्हीडी उतरवायला घ्यायची, दोन तास नीट जायचे आणि ऐन फायनलाइज होताना वीज जायची. यूपीएस सगळ्यांना परवडत नव्हता. अशा डिस्क ‘खराब’ म्हणून खोक्यात पडत गेल्या. माझ्याकडे पहिल्यांदा याच खोक्यातल्या डिस्क परत वाचायचं काम आलं.

तेव्हापासून लोक येतात. संगमेश्वर तालुक्यातल्या एक आजी रुमालात बांधून डिस्क घेऊन आल्या. म्हणाल्या, “वहिनी, यात काय नाय असं सगळे म्हणतात. पण टाकवत नाय.” मी डिस्क खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. कोऱ्या डिस्कचा जांभळा रंग सगळीकडे सारखा असतो. या डिस्कवर मधल्या भोकापासून बाहेर निम्म्याच्या थोडं पुढे जरा गडद कडं दिसत होतं आणि त्याच्यापुढे फिकट. तेवढा भाग लेसरने जाळलेला, म्हणजे तेवढं चित्रण झालेलं. आजींनाही ते कडं दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं.

मऊ कापडाने डिस्क मधून कडेकडे पुसायची, गोल फिरवून नाही. मग ती ड्राइव्हमध्ये घालायची. बहुतेक ड्राइव्ह यादी नाही म्हटल्यावर पुढे वाचतच नाहीत, काही वाचतात, म्हणून वेगवेगळ्या बनावटीचे ड्राइव्ह मी सांभाळून ठेवलेत. आयसोबस्टर नावाचं बेल्जियममध्ये तयार झालेलं एक सॉफ्टवेअर आहे. ते यादीची वाट पाहत नाही, जे लिहिलंय ते तुकडा तुकडा उचलत जातं. डीव्हीडीवर प्रत्येक तुकडा २०४८ बाइटचा असतो. छोटी डिस्क भरलेली असली तर असे सात लाखांच्या आसपास तुकडे होतात. चित्रणाचा प्रत्येक तुकडा त्याच चार बाइटनी सुरू होतो, ०० ०० ०१ बीए, आणि त्यापुढे त्याची वेळ लिहिलेली असते. यादी हरवली तरी प्रत्येक तुकडा स्वतःची जागा स्वतः सांगतो. या कामावर माझा जीव जडला तो इथे.

आजींच्या डिस्कमध्ये शिमगा निघाला. अंगणात पालखी, ढोल, आणि पालखीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घालणारे त्यांचे यजमान. मध्ये एका ओरखड्यापाशी चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि अर्ध्या सेकंदात सावरले, कारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र नव्याने लिहिलेलं असतं. आवाज मात्र स्वच्छ होता. गाऱ्हाण्यात त्यांनी वाडीतल्या एकेका घराचं नाव घेतलं होतं. त्यातली काही घरं आता कुलूपबंद आहेत. आजींनी ती नावं नातवाकडून वहीत लिहून घेतली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. त्यानंतर चिखलाने माखलेल्या पिशव्या आल्या. कॅसेटच्या आत गाळ गेला होता, बऱ्याच हातच्या गेल्या. सीडीवर लिहिलेला थर वरच्या, लेबलाच्या बाजूला पातळ लाखेखाली असतो, त्यांचे पापुद्रे सुटले. डीव्हीडीचा थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांमध्ये असतो. साध्या पाण्याने धुतल्यावर त्यातल्या पुष्कळ वाचल्या. फायनलाइज न केलेल्याही.

आता घाई करायला हवी. जगात व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनीडीव्ही कॅसेट आणि रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटच नसते. डिस्कमधला रंग उन्हाने आणि दमटपणाने उतरतो, आणि इथे दोन्हींना तोटा नाही. कुणी ‘कोरी’ म्हटलं म्हणून डिस्क टाकू नका. संगणकाने फॉर्मॅट करू का किंवा यावर नवीन लिहू का विचारलं तर नाही म्हणा. आरडब्ल्यू लिहिलेली असेल तर फारच जपा, कारण ती पुसून पुन्हा लिहिता येते.

डिस्क घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारते, कॅमेरा कुणाचा होता आणि आता कुठे आहे? पुष्कळदा तो नालासोपाऱ्याला पुतण्याच्या माळ्यावर, मूळ पिशवीत, चार्जरसकट असतो. बॅटरी मेलेली असली तरी चार्जर लावून चालू होतो. तसं असेल तर माझी गरजच नाही. डिस्क त्याच कॅमेऱ्यात घालायची, मेनूतून फायनलाइज निवडायचं आणि ते होईपर्यंत वायरीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.