खेळ, पेटी आणि रिकामी जागा

आज पटावरच्या खेळांच्या इतिहासाकडे आपण जरा आडबाजूने बघणार आहोत. खेळ कसा खेळत, कोण जिंकत, हे बाजूला ठेवू. डाव मोडल्यावर सामान कुठे ठेवत, एवढंच बघू. प्रश्न दोन आहेत. पेटीचं माप कोण ठरवतं? आणि सामान त्या मापात नीट बसण्या-न बसण्याने खेळाचं काय होतं?

सुरुवात इजिप्तपासून करू. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामुनची कबर सापडली. त्या तरुण राजासोबत खेळाचे पटही पुरलेले होते. त्यातला मुख्य खेळ सेनेट, ३० घरांचा. गंमत अशी की इथे पट आणि पेटी वेगळी नाहीच. लाकडी पेटीच्या वरच्या अंगावर सेनेटची ३० घरं, उलटी केली की दुसऱ्या खेळाची २० घरं, आणि पोटात सोंगट्या ठेवायला एक सरकता खण. त्यातल्या सर्वांत मोठ्या पटाचा खण मात्र रिकामा मिळाला. सोंगट्या सोन्याचांदीच्या असाव्यात आणि प्राचीन काळीच चोरांनी नेल्या असाव्यात, असा कार्टरचा कयास होता.

आता बघा, सोंगट्या गेल्या हे आपल्याला कळलं कशावरून? त्या रिकाम्या खणावरून. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेने अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे. 'जमिनीवर घडा नाही' हे नेहमीचं उदाहरण. पण नुसतं 'नाही' कळत नाही. कशाचा अभाव, तो प्रतियोगी ठाऊक असावा लागतो. आणि कुठे अभाव, ते अधिकरण समोर असावं लागतं. खेळाची पेटी हे ते अधिकरण. ज्या पेटीत प्रत्येक वस्तूला जागा नेमलेली आहे, तिथे हरवलेली वस्तू दिसते. ज्या पेटीत सगळं एकत्र कोंबलेलं आहे, तिथे वस्तू हरवते आणि हरवली हेही कळत नाही.

मग सारीपाटाचं काय, असं तुम्ही विचाराल. त्याला कुठे पेटी होती? कापडी पट, चार रंगांच्या १६ सोंगट्या. खेळ झाला की कापड गुंडाळायचं, झालं. बरोबर आहे. पण तिथे पेटीचं काम मोजणी करते. प्रत्येक रंगाच्या चार सोंगट्या, हे पोरालाही पाठ असतं. आणि एखादी सोंगटी गेलीच तर खडा चालतो, चिंचोका चालतो. फासे नसले तर कवड्या टाकून पचिसी खेळता येते. बदली मिळते, तिथे पेटीची निकड नसते.

गंजिफाची गोष्ट उलटी आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे एकूण १२०. चिंचोक्याच्या खळीने तयार केलेली, हाताने रंगवलेली, लाखेचा थर दिलेली गोल पानं. मागची बाजू सगळ्यांची सारखी, पुढची प्रत्येकाची निराळी. एक पान गेलं तर दुसरं बाजारात मिळत नाही. चित्रकाराकडून करून घ्यावं तरी मागचा रंग तंतोतंत जुळायला हवा, नाहीतर ते पान पाठीवरूनच ओळखू येईल. म्हणून गंजिफाला पेटी आली, तीही चित्रं काढलेली, लाकडी.

इथे थोडं गणित. गोल पान चौकोनात ठेवलं तर साधारण ७८ टक्केच जागा भरते. उरलेली कोपऱ्यांत रिकामी राहते. ही जागा वाया गेली का? नाही. तिथेच बोट घालून थप्पी उचलायची असते. तेव्हा रिकामी जागा म्हणजे दोष, असं समजू नका. ती सामानासाठी ठेवली आहे की आणखी कोणासाठी, हे विचारा.

ते 'आणखी कोणी' विसाव्या शतकात आले. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली विकायला घेतला. सुरुवातीच्या काही आवृत्त्यांत पट वेगळा आणि पैसे, पत्ते, घरं यांचा छोटा डबा वेगळा असे. म्हणजे डब्याचं माप अजून सामानच ठरवत होतं. पुढे घडी घातलेला पटही आत गेला आणि डबा पटाएवढा झाला. आपल्याकडचा 'व्यापार'ही त्याच घरातला. १९६२ पासून थ्रीएम या अमेरिकी कंपनीने पुस्तकासारखे दिसणारे खेळ काढले. खोका कपाटात पुस्तकांशेजारी उभा राहावा, हा हेतू. इथे माप ठरवायला फडताळ आलं.

मग १९९५ साली जर्मनीत कॅटन आला. जवळपास ३० सेंटिमीटर चौरस खोका. ९६ लाकडी सोंगट्या आणि, योगायोग बघा, साधनांची ९५ व विकासाची २५ मिळून १२० पानं. आज कितीतरी प्रकाशक याच मापाचे खोके काढतात. दुकानात ते एकसारखे रचता येतात, आणि आयकियाच्या कॅलॅक्स कपाटाच्या साधारण ३३ सेंटिमीटरच्या खणातही बसतात. ही सोय खरी आहे, ती नाकारू नका. पण त्यामुळे मूठभर पत्त्यांचा खेळही कधीकधी मोठ्या खोक्यात येतो, कारण दुकानात खोका बघून गिऱ्हाईक किंमत पटवून घेतं. उलट, कोणी हौसेने पत्त्यांना प्लॅस्टिकची आवरणं घातली की थप्पी जाड होते, आतल्या साच्यात मावत नाही आणि झाकण वर राहतं. मग साचा फेकला जातो, आणि त्याच्याबरोबर जागांची नेमणूकही.

माझा मुद्दा एवढाच आहे. खेळ बहुधा एकदम मरत नाही. आज एक पान जातं, वर्षाने एक सोंगटी. एके दिवशी मुलं खोका उघडतात, डाव लागत नाही, आणि तो माळ्यावर जातो. नियम माहीत असलेली माणसंही हळूहळू जातात. आधी वस्तू तुटक होते, मग खेळ विसरला जातो. हे थांबवायला कलावंताची पेटीच हवी असं नाही. झाकणाच्या आत सामानाची यादी संख्येसकट चिकटवा, आणि प्रत्येक प्रकाराला एक पिशवी किंवा डबी द्या. यादीतला आकडा हा प्रतियोगी झाला, डबी हे अधिकरण झालं. काय गेलं ते त्याच संध्याकाळी कळेल, आणि सोफ्याखाली शोधायला तेव्हा उशीर झालेला नसेल.

आता प्रश्न घेऊ या.