फुप्फुसातील छत्तीस तासांची शांतता

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात एक बारीक काटा रुतवला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला दिसला. परक्या कणांना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना तेथून रुजली.

मेचनिकॉव्ह यांचे शिष्य वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. त्याआधीच्या महिन्यात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हाफकिन यांनी पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी साथ म्हैसूर संस्थानात, म्हणजे कावेरीकाठच्या तलकाडच्या मुलखातही पोचली. त्या काळी घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधीत.

हाफकिन यांच्या लशीने गाठीच्या प्लेगपासून पुष्कळांना वाचवले. फुप्फुसाच्या प्लेगपुढे मात्र मृत जंतूंच्या लशी दुबळ्या ठरल्या. असे का व्हावे, याचा उलगडा होऊ लागला तो शतकानंतर आणि तोही उंदरांतच.

२००५ साली अमेरिकेत विंडहॅम लॅथम, विल्यम गोल्डमन व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या नाकावाटे प्लेगचे जंतू फुप्फुसात पोचवले. पहिले सुमारे ३६ तास जंतू झपाट्याने वाढत होते. दाहाचे चिन्ह मात्र जवळजवळ नव्हते. त्यानंतर न्यूट्रोफिल या श्वेतपेशींचा लोंढा आला, फुप्फुसे द्रवाने भरली आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास उंदीर दगावू लागले. मदत आली, पण उशिरा. आणि तिच्याच दाहाने ऊतींची हानी वाढली.

ही शांतता जंतूने घडवलेली असते. शरीराच्या उष्णतेत तो आपल्या बाह्य आवरणातील मेदरेणू बदलतो, त्यामुळे पहारेकरी पेशींना त्याची ओळख नीट पटत नाही. शिवाय सुईसारख्या सूक्ष्म नळीतून तो भक्षक पेशींच्या आत प्रथिने सोडतो. त्यांमुळे पेशीची गिळण्याची क्षमता खुंटते आणि इतरांना सावध करणारे तिचे संदेशही दबतात. मेचनिकॉव्ह यांनी पाहिलेला वेढा येथे वेळेवर पडतच नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सुरतेतून लाखो लोक बाहेर पडले. प्रतिजैविके या रोगावर गुणकारी आहेत, परंतु लक्षणे दिसल्यापासून साधारण २४ तासांच्या आत ती सुरू व्हावी लागतात. म्हणूनच नव्या लशीची कसोटी रक्तातील प्रतिपिंडांच्या मोजणीने पुरी होत नाही. त्या पहिल्या मूक तासांत फुप्फुसातील पहारा जागा राहतो का, हेही तिला सिद्ध करावे लागते.